मधलं मडकं

एका जंगलात, बाळांनो, धोंडबा नावाचं एक अस्वल राहत होतं. त्याचं नाक फार तिखट. दोन टेकड्यांपलीकडे मोहाचं फूल पडलं, तरी याला झोपेत कळायचं.

धोंडबाला एक मुलगी होती, तुळसा. तिला पठारावरच्या नानासाहेब अस्वलांचा मुलगा आवडला होता. तोही हल्ली निम्मं पोळं तिच्यासाठी राखून ठेवायचा. अडचण एकच होती, ती म्हणजे नानासाहेब. पठारावरचं घराणं आणि त्यात मुलाचा बाप. ते काही बैठकीला साध्या गुहेत येणारे नव्हते.

त्यांनी निरोप धाडला, "हल्ली प्रतिष्ठित प्राणी द्राक्षांच्या मळ्यात सहलीला जातात. तिथंच भेटू. व्याही किती रसिक आहेत, तेही कळेल."

ही सहल एका दिवसाची. सकाळी निघायचं, दिवस मावळायच्या आत परत. डोंगराच्या उतारावर नजर पोचेल तिथवर द्राक्षांचे मांडव. एका वेळी सहाच प्राणी नेतात आणि त्यांना द्राक्षाचा रस चाखायला देतात. रस म्हणजे जरा वय झालेला रस, बाळांनो. तुम्हाला तो चालत नाही, म्हणूनच मोठ्यांना इतका आवडतो.

निघताना तुळसानं बजावलं, "बाबा, तिथं वासावरून काही बोलू नका हं. मागच्या स्थळाच्या वेळी काय झालं, आठवतंय ना?"

मागच्या स्थळाच्या वेळी धोंडबानं पाहुण्यांचा मध हुंगून तो शेजाऱ्यांच्या झाडावरून चोरलाय, असं चारचौघांत सांगितलं होतं. ते खरं होतं, त्यामुळे लग्न मोडलं.

"नाही बोलणार, पोरी," म्हणत धोंडबानं कान पकडले.

मळ्याचा यजमान म्हणजे एक उदमांजर. गटात धोंडबा, नवं लग्न झालेलं सशाचं जोडपं, सतत सुपारी चघळणारा एक मुंगूस आणि एक करकोचा. सहावे नानासाहेब, पण ते अजून यायचे होते. मुलाकडचे वेळेवर आले, तर ते मुलाकडचे कसले!

"आपण सुरू करू," उदमांजर म्हणालं. "पेला गोल फिरवायचा. हुंगायचा. घोट तोंडात घोळवायचा. आणि या मधल्या मडक्यात थुंकायचा."

"थुंकायचा?" धोंडबा दचकला.

"हो तर. गिळत बसलात तर पाचव्या रसाला चव कळायची नाही."

करकोच्यानं लांबूनच नेम धरला. सशीण लाजत लाजत थुंकली. मुंगूस सुपारीसकट थुंकला. धोंडबाला तोंडात घेतलेलं टाकायची सवय नव्हती, पण त्यानं इतरांचं बघून केलं. दुपारपर्यंत मडकं गळ्यापर्यंत भरलं.

तेवढ्यात फेटा सावरत नानासाहेब आले. त्यांनी टेबलावर नजर फिरवली. बाकीच्यांपुढे इवलेसे पेले. मधोमध मात्र भलंमोठं भरलेलं मडकं.

"वा, व्याही!" ते खूश होऊन म्हणाले. "आमचा मान वेगळा काढून ठेवलात तर!"

आणि त्यांनी मडकं तोंडाला लावलं.

उदमांजर ओरडणार, इतक्यात धोंडबानं त्याच्या शेपटीवर पाय दिला. नानासाहेब गटागटा प्यायले.

"आहाहा!" त्यांनी डोळे मिटले. "एका घोटात पाच रस लागतात. आणि मागाहून येते ती बघा, सुपारी! याला म्हणतात मुरलेली चीज."

मुंगसानं नम्रपणे मान खाली घातली.

"घ्या, व्याही," नानासाहेबांनी मडकं पुढे केलं. "एका भांड्यातून प्यायलो की सोयरीक पक्की."

धोंडबाच्या नाकाला सगळं कळत होतं. ही सशीण, सकाळी मुळा खाल्लाय. हा करकोचा, मासा कालचा. पण खरं बोलावं, तर नानासाहेबांची चारचौघांत शोभा होणार आणि तुळसा आयुष्यभर रडणार. त्यानं डोळे घट्ट मिटले आणि तो प्यायला. बाळांनो, बापाची माया म्हणतात ती अशी असते. तिला जरा मुळ्याचा वास येतो.

"कसं काय?"

"तुमच्या जिभेपुढे माझं नाक काय, नानासाहेब!"

लग्न ठरलं. निघताना नानासाहेब सहज म्हणाले, "लग्नात पाहुण्यांना हेच द्यायचं बरं का. चाळीस मडकी पुरेत."

उदमांजरानं डोकं धरलं. "चाळीस? अहो, एवढी तोंडं आणू कुठून?"

त्या जंगलात एक चांगली रीत होती. कुणाच्या घरी कार्य निघालं की सगळे मदतीला यायचे. कुणी मांडव घालायचं, कुणी पत्रावळी लावायचं. या वेळी धोंडबा दारोदार गेला आणि मान खाली घालून म्हणाला, "पोरीचं लग्न आहे. जरा मळ्यावर येऊन थुंकून जाल का?"

सगळे आले. सहा-सहाचे गट करून रोज आले. गव्यानं एकट्यानं तीन मडकी भरली. दात पडलेला म्हातारा वाघ तर दोनदा येऊन गेला.

लग्न थाटात लागलं. नानासाहेब पंगतीतून फिरत पाहुण्यांना चव समजावून सांगत होते आणि पाहुणे माना डोलावत होते. फिरत फिरत एक पेला नवरीपुढे आला. तुळसाचं नाक बापाच्याच वळणाचं. तिनं हुंगलं आणि ती थबकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "यात तुमचा वास येतोय."

"सगळ्या जंगलाचा येतोय, पोरी."

तुळसाला सगळं उमगलं. तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

"सूनबाई, कसं वाटलं?" नानासाहेबांनी विचारलं.

"अगदी माहेरचं, मामंजी," असं म्हणून तुळसानं पेला एका दमात संपवला.

"बघा!" नानासाहेब पंगतीला म्हणाले. "आमच्या घरात आल्या आल्या पारख आली."

तात्पर्य : ज्याला खरी पारख असते, त्याला मुकाट्यानं गिळावं लागतं. ज्याला नसते, तो इतरांना चव समजावून सांगतो. तेव्हा बाळांनो, नाक तिखट करण्यात वेळ घालवू नका. मोठेपणी शक्यतो मुलाचे बाप व्हा.