गायधनींचा तात्पुरता पासवर्ड

आमच्या कंपनीतल्या गायधनींना मी नऊ वर्षं ओळखते, पण त्यांना खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. खुर्ची आहे. तिच्यावर केबलींची भेंडोळी बसतात आणि गायधनी उभे राहतात. कीबोर्ड छातीएवढ्या उंच कपाटावर, शेजारी स्क्रीन, आणि या पायावरून त्या पायावर होत हा माणूस तीनशे लोकांचे पासवर्ड बदलतो. "बसा ना हो," म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कशाला? उभ्या उभ्या होतंय."

कंपनी सिन्नरला. आम्ही नाशिकहून बसने येतो, गायधनी पंचवटीत चढतात. बसमध्येही गायधनी उभेच, आणि त्यांच्या राखून ठेवलेल्या सीटवर त्यांचा जेवणाचा डबा आरामात बसलेला. शिंदे गावापर्यंत दोनदा तरी ड्रायव्हरपाशी जाऊन येतात. काय काम असतं, देव जाणे.

कॉम्प्युटर विभागाचा हा एकुलता एक माणूस. कंपनीतल्या प्रत्येकाचं नाव, विभाग आणि पासवर्ड एका मोठ्या यादीत असतो. तिला डिरेक्टरी म्हणतात. गायधनी 'गाव' म्हणतात. पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलावा लागतो, आम्ही विसरतो, खातं बंद पडतं, आणि मग गावकऱ्यांची वरात गायधनींच्या दारात.

"बोला. विसरलात ना?"

मग काळ्या स्क्रीनवर एक लांबलचक ओळ. माऊसला ते हात लावत नाहीत. "माऊस म्हणजे नुसतं बोट दाखवणं हो. माणसाला नाव घेऊन हाक मारावी." त्या ओळीत आधी हुकूम, मग तुमचं नाव, तुमचा विभाग, मग कंपनी, अगदी पाकिटावर पत्ता लिहावा तसं. शेवटी नवा तात्पुरता पासवर्ड. हे सगळं मोठ्यांदा म्हणत. "आहेर, स्वल्पविराम, परचेस, स्वल्पविराम… एंटर मारू का? मारतोय. मारला!" आणि लगेच ती ओळ पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी कुणी मागच्या ओळी चाळल्या तर पासवर्ड उघडा पडेल म्हणून. "लोकांचं खासगी असं वाळत घालू नये," म्हणतात.

हुकमात पासवर्ड लिहिलाच नाही, तर यंत्र स्वतःच एक बनवून देतं. तो असतो लाथाळी केल्यासारखा, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडलेली. गायधनींना तो चालत नाही. "हे काय द्यायचं माणसाला?" म्हणून ते स्वतः बनवतात. इंग्रजी अक्षरांत, पण मराठी. आणि शेवटी आकडा, कारण तसा नियम आहे.

मला पहिला मिळालेला होता 'आईलाफोनकरा१'. माझी आई देवळाली कॅम्पात एकटी राहते, हे मी कधीतरी बसमध्ये बोलले असेन. मी चिडलेच. माझी आई, माझा फोन, यांना काय करायचंय? पण नियमाप्रमाणे ते शब्द एकदा स्वतःच्या बोटांनी टाइप करावे लागतात, त्याशिवाय खातं उघडत नाही. टाइप केले. दुपारी फोनही केला. आईला काहीच झालेलं नव्हतं, तिला फक्त खूप बोलायचं होतं.

असे पासवर्ड सगळ्यांनाच. डिस्पॅचच्या कुलथेंना 'भातकमीखा४'. कुणाला 'भावाशीबोल२'. लोक हसायचे, वैतागायचे, आणि पुढच्या वेळी काय मिळतंय म्हणून मुद्दाम विसरायचे.

एकदाच घोटाळा झाला. आमच्याकडे दोन सोनवणे. एक स्टोअरमधले, एक खुद्द वर्क्स मॅनेजर. स्टोअरचे सोनवणे आले, "सर, लय येळा टाकला, घेतच नाय." गायधनी तेव्हा चहाचा कप घेऊन येरझाऱ्या घालत होते. येता जाता ओळ लिहिली, विभाग चुकला, आणि 'तंबाखूसोडा३' जाऊन बसला साहेबांच्या खात्यावर. दहा मिनिटांत साहेबांचा फोन. गायधनींना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "साहेब, टाइप करा, तंबाखू सोडा."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग साहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मग आली बातमी. पुढच्या सोमवारपासून प्रत्येकाने आपला पासवर्ड आपणच बदलायचा. मोबाईलवर एक आकडा येणार, तो एका पानावर टाकायचा, झालं. कुणाकडे जायला नको. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू?

गायधनींच्या येरझाऱ्या मात्र वाढल्या. ते आता जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे, दाराशी कुणी दिसलं की "बोला!" म्हणायचे. माणूस नुसता पुढे निघून जायचा. त्यातच मंगळवारी रामकुंडाजवळ स्कूटर घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. घरी बसा, असं साहेबांनीही सांगितलं. "घरी काय करू?" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये उभे.

शुक्रवारी मी गेले. माझं खातं ठीक होतं, पण शेवटचा एक पासवर्ड हवा होता. खोलीत गायधनी गरागरा फिरत होते.

"मॅडम, मीच लॉक झालो."

नवं पान तपासायला त्यांनी डाव्या हाताने स्वतःचा पासवर्ड टाकला होता, तीनदा चुकला, आणि पानाने त्यांनाच बाहेर काढलं होतं. मला हसू आवरेना. तेही हसले, पण लगेच थांबले.

"तुम्ही टाइप करता का? डाव्या हाताने एक स्वल्पविराम हुकला तर भलत्याच कुणाला पोचेल. साहेबांनी एकदा सोसलंय."

मी कपाटापाशी उभी राहिले. काळी स्क्रीन सकाळपासून उघडीच होती. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. गायधनी, स्वल्पविराम, विभाग, स्वल्पविराम, कंपनी.

"आणि नवा पासवर्ड काय देऊ?"

"काही नको. रिकामं सोडा. यंत्र देईल."

"यंत्र? तुम्हाला?"

"माझा नेहमी यंत्रच देतं." ते खिडकीबाहेर बघत होते. "मला दुसरं कोण देणार, मॅडम?"

नऊ वर्षं. नऊ वर्षांत मी या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं की घरी कोण असतं, डबा कोण देतं. माझी मलाच लाज वाटली. मी ओळ पूर्ण केली. त्यांनी वळून स्क्रीनकडे पाहिलं आणि ओठ हलवत एकेक अक्षर वाचलं.

'रविवारीजेवायलाया'.

"शेवटी आकडा लागतो," ते म्हणाले.

मी एक टाकला. "एक वाजता. देवळालीला, आईकडे. एंटर मारू का?"

त्यांनी डाव्या हाताने खुर्चीवरची भेंडोळी उचलून खाली ठेवली आणि बसले.

"मारा."

"मारला. आता ही ओळ पुसते."

"नको," गायधनी म्हणाले. "आजची राहू द्या."