अर्ध्या रंगातली अटक

मुख्याध्यापिका बाईंच्या उजव्या अर्ध्या डोक्याला रंग लावून झाला होता आणि डाव्या अर्ध्याला ब्रश टेकणार, तेवढ्यात पार्लरवाल्या ताईचा फोन वाजला.

बाई आयुष्यात पहिल्यांदाच केस रंगवत होत्या. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. पण आज संध्याकाळी शाळेत त्यांचा सत्कार होता, आणि मागच्या कार्यक्रमातला स्वतःचा फोटो पाहिल्यापासून त्यांचं मत झालं होतं, की स्टेजवर आपल्याऐवजी कापसाचा बोळा ठेवला असता तरी कुणाला फरक कळला नसता. रंग कानांना लागू नये म्हणून ताईने त्यांच्या कानांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवल्या होत्या. चष्मा काढून आरशापुढच्या फळीवर ठेवला होता. त्यामुळे बाईंना धड दिसत नव्हतं, धड ऐकू येत नव्हतं आणि म्हणून त्या एकट्याच बोलत होत्या.

ताई एकेकाळी बाईंच्याच शाळेत शिकलेली. घराच्या पुढच्या खोलीत तिने पार्लर काढलं होतं आणि लागून असलेल्या गाळ्यात नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. मधल्या दाराला जाड पडदा. पार्लरमध्ये पुरुषांना बंदी असल्याने नवऱ्याला बायकोशी काही बोलायचं झालं तर तो पडद्याशीच बोलत असे.

ताईने हातमोजा काढून फोन उचलला. व्हिडिओ कॉल होता. फोनच्या पडद्यावर खाकी गणवेशातला एक माणूस, मागे निळं कापड, कापडावर कसलंसं बोधचिन्ह.

"तुमच्या नावाने परदेशातून पार्सल मागवलंय का?"

केस सरळ करायचं एक क्रीम तिने ऑफर बघून बाहेरून मागवलं होतं. ते अजून पोचलं नव्हतं.

"हो... म्हणजे, क्रीम आहे साहेब."

"क्रीम नाही. अमली पदार्थ निघालेत. पार्सल जप्त झालंय आणि तुमच्यावर गुन्हा दाखल झालाय. या क्षणापासून तुम्ही डिजिटल अटकेत आहात. फोन कापायचा नाही. कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. समजलं?"

"हो साहेब."

"साहेब काय म्हणतेस मला?" बाई खुर्चीतून म्हणाल्या. "तर मी काय सांगत होते, भाषणाची सुरुवात मी शिस्तीपासूनच करणार आहे."

ताईने फोन पाण्याच्या फवाऱ्याच्या बाटलीला टेकवून फळीवर उभा केला. दुसऱ्या हातातल्या ब्रशवरचा रंग फरशीवर टपटपत होता.

"मागे कोण आहे?" साहेबांनी विचारलं.

"गिऱ्हाईक आहे."

"बाहेर काढा त्यांना."

"नाही काढता यायचं साहेब. त्यांच्या अर्ध्याच डोक्याला रंग लागलाय."

"मग काय झालं?"

"अशा अवतारात त्या रस्त्यावर गेल्या तर मला आयुष्यभर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

साहेबांना यावर काय बोलावं ते बहुतेक शिकवलेलं नव्हतं. त्यांनी जरा इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज चढवला. "तोंड तर तुमचं उद्या सगळ्या गावाला दिसणार आहे. हातात बेड्या घालून. मुलगी कॉलेजला आहे ना? तिच्या प्राचार्यांनाही कळवावं लागेल."

मुलीचा विषय निघाला तशी ताईने फळीची कड घट्ट धरली. यांना मुलीबद्दल कसं कळलं? पार्लरच्या ऑनलाइन पानावर मुलीच्या वाढदिवसाचा फोटो तिने स्वतःच, 'माझी कॉलेजकन्या' असं लिहून सगळ्या जगासाठी टाकला होता, हे त्या घटकेला तिला आठवलं नाही.

"साहेब, माझी काही चूक नाही हो."

"माझं हेच म्हणणं आहे," साहेब एकदम मऊ झाले. "तुम्ही घरंदाज दिसताय. तुम्हाला यातून सोडवायची माझी इच्छा आहे. फक्त खात्यातली रक्कम तपासायची आहे. ती सरकारी खात्यात पाठवायची, तपासणी झाली की लगेच परत. पण घाई करा. माझे वरिष्ठ आले तर माझ्या हातात काही राहणार नाही."

खात्यात मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीचे पैसे होते. ताईने साहेब सांगतील तसं बोट फिरवायला सुरुवात केली. घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायचीही परवानगी घ्यावी का, असा तिला प्रश्न पडला होता.

"ताई, डावीकडचं विसरलीस का?" बाईंनी विचारलं. "आणि उजवीकडे जरा चुरचुरतंय."

"बोलू नका," साहेब म्हणाले.

बाईंना वाटलं, ताई रंगाच्या दुकानदाराशी हुज्जत घालतेय. त्या पुन्हा भाषणाकडे वळल्या. पण उजवीकडची चुरचुर वाढत चालली. शेवटी खाजवता यावं म्हणून त्यांनी उजव्या कानावरची टोपी काढली.

"आता सहा आकड्यांचा नंबर येईल," खाकी आवाज म्हणत होता. "तो मला वाचून दाखवायचा, की तुम्ही सुटलात."

"साहेब, तो नंबर यांच्या फोनवर जातो. खात्याला यांचाच नंबर दिलाय."

"कुणाच्या?"

"मिस्टरांच्या."

साहेबांनी कपाळाला हात लावला. तोच मधल्या दाराचा पडदा हलला.

"अगं ए," पलीकडून नवऱ्याचा आवाज आला, "बँकेचा मेसेज आलाय. नंबर आहे. काही मागवलंस का?"

साहेब फोनमधून दबक्या आवाजात म्हणाले, "हो म्हणा. वाचायला सांगा. बाकी एक शब्द नाही. मुलीचा विचार करा."

"हो," ताई म्हणाली. "वाचा."

नवऱ्याचा सगळा जन्म लोकांना आकडे वाचायला लावण्यात गेला होता. अंधुक, पुटपुटत वाचलेलं त्याला खपत नसे. तो घसा खाकरून, एकेक आकडा ठणठणीत वाचू लागला.

"चार!"

साहेबांनी लिहून घेतला.

"नऊ! नऊ बरं का, सहा नव्हे."

बाईंनी दुसऱ्या कानावरचीही टोपी काढली.

"दोन!"

"पुढे, पुढे," साहेब पुटपुटले. "वरिष्ठ यायच्या आत, कुणाला कळायच्या आत आटपा."

त्या वाक्यासरशी बाई खुर्चीत ताठ झाल्या. पस्तीस वर्षं त्यांनी खोटं बोलणारी पोरं पकडली होती. खोटं बोलणारं पोर दोनच गोष्टी करतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक तर घाई करतं, नाहीतर 'कुणाला सांगू नका' म्हणतं. हा माणूस एका वाक्यात दोन्ही करत होता.

"सात!"

"थांबा!" बाई कडाडल्या. "पुढचा आकडा वाचू नका!"



"का, नीट ऐकू आलं नाही का?" नवरा आपुलकीने म्हणाला. "हरकत नाही, पुन्हा पहिल्यापासून वाचतो. चार!"

"अहो, गप्प बसा!"

"बाई, नका हो!" ताई रडकुंडीला आली. "माझ्या पोरीचं कॉलेज... मला अटक झालीय!"

"कुणी केली?"

ताईने फळीकडे बोट दाखवलं. बाईंना चष्म्याशिवाय तिथे एक उजळ चौकोन तेवढा दिसला. त्या उठल्या, फोन उचलला आणि दिसावं म्हणून नाकाला लावला. त्यामुळे पलीकडे साहेबांना एकाएकी काय दिसलं असेल, ते सांगणं कठीण आहे. पण एका बाजूला कापूस, दुसऱ्या बाजूला डांबर आणि मध्ये रागाने तांबारलेला डोळा, एवढं नक्कीच असावं. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"कोण रे तू?"

"मी... वरिष्ठ तपास अधिकारी..."

"मघाशी वरिष्ठ यायचे होते. आता तूच वरिष्ठ?"

"बाई, तुम्ही सरकारी कामात अडथळा..."

"मोठ्यांशी बसून बोलतोस? उभा राहा आधी!"

त्या आवाजाने शाळेतल्या कितीतरी पिढ्या उभ्या केल्या होत्या. त्या माणसाच्याही गावात कुठेतरी शाळा असणारच. विचार करण्याआधीच तो ताडकन उभा राहिला.

खाकी गणवेश कमरेपाशी संपला. खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी होती. तो उठला तशी खुर्ची मागच्या कापडाला लागली, बोधचिन्हासकट कापड खाली आलं, आणि मागे टेबलांची एक रांग दिसली. प्रत्येक टेबलाशी एकेक माणूस फोनला तोंड लावून सांगत होता, "तुमच्या नावाने पार्सल पकडलंय..."

ताईने बाईंच्या खांद्यावरून हे सगळं पाहिलं. पलीकडच्या माणसाने स्वतःच्या चड्डीकडे पाहिलं, मग फोनकडे, आणि कॉल कापला.



"म्हणजे मग," पडद्यापलीकडून नवऱ्याने विचारलं, "शेवटचे दोन आकडे वाचायला नकोत ना?"

ताई मटकन स्टुलावर बसली आणि रडू लागली. "मी मूर्ख आहे हो बाई. अक्कल गहाण टाकली होती मी."

"मूर्ख नाहीस. घाबरली होतीस. घाबरलेल्या माणसाकडून काहीही करून घेता येतं, शाळेत आम्हीसुद्धा तेच करायचो," बाई म्हणाल्या. "रड नंतर. आधी बँकेला फोन कर. मेसेजमधल्या नंबरावर नव्हे, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर."

बँकेने सांगितलं, पैसे जागचे हललेले नाहीत. तरीही खातं तात्पुरतं गोठवून घेतलं. नवऱ्याने दुकान बंद केलं आणि पोलिसांकडे तक्रार द्यायला निघाला. जाताजाता पडद्याला म्हणाला, "आणि क्रीम कसलं मागवलं होतंस, ते मी परत आल्यावर बोलू."

आता डोळे पुसून ताईने बाईंच्या डोक्याकडे पाहिलं आणि तिला दुसऱ्यांदा घाम फुटला. उजवीकडचा रंग नको तितका वेळ राहून वाळला होता. गडद तपकिरी ठरला होता, तो कुळकुळीत काळा झाला होता. डावीकडे अजून शुद्ध कापूस.

"बाई, आता डावी बाजूही तेवढीच काळी करावी लागेल."

"करून टाक. कापसापेक्षा बरं. पण संध्याकाळच्या आत."

ताईने भराभर ब्रश चालवला. बाई आता भलत्याच खुशीत होत्या. भाषणाची सुरुवात त्यांनी बदलली होती. "शिस्त राहू दे. आजचाच किस्सा सांगते. लोकांना सावध करायला हवं. अगं, साधी गोष्ट असते, पण भलेभले फसतात. मला तर नवल वाटतं, माणसं विचार कसा करत नाहीत!"

रंग मुरायला ठेवून ताईने त्यांना धुण्याच्या खुर्चीत बसवलं. बेसिनला लागून असलेली, मागे कलणारी खुर्ची ती. बाईंनी वेळ घालवायला चष्मा डोळ्यांवर नुसता धरला आणि स्वतःचा फोन उघडला. रंग मुरला तशी पाण्याचा नळ तपासू लागलेल्या ताईला मागून बाईंचा श्वास अडकल्यासारखा आवाज आला.

"काय झालं बाई?"

"काही नाही."

"रंग झोंबतोय का?"

"नाही गं." बाईंचा आवाज खाली आला होता. "माझा हयातीचा दाखला पोचलाच नाही म्हणे. पेन्शनवाल्यांचा मेसेज आहे. मी जिवंत असल्याचं आज संध्याकाळपर्यंत कळवलं नाही, तर निवृत्तिवेतन कायमचं बंद. खाली दाबायला दिलंय, तिथे खात्याचा नंबर भरायचा."

"दाखला दिला होतात ना तुम्ही?"

"दिला होता. सगळ्यांच्या आधी दिला होता. पण समजा गहाळ झाला असेल तर? माझ्या हातून आजवर एक कागद उशिरा गेलेला नाही, आणि आज सत्काराच्या दिवशी..." बाईंनी बोट पुढे केलं. "तू बोलू नकोस कुणाशी. पटकन भरून टाकते. एका मिनिटाचं काम आहे."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. ज्या बाईंसमोर ती अजूनही पाय जुळवून उभी राहायची, त्यांच्या चेहऱ्यावर तिला मघाचा स्वतःचाच चेहरा दिसला. बाईंना फोन ठेवा म्हणायची तिच्या जिभेची हिंमत होईना. पण बाईंचं बोट खाली येत होतं.

तिने खुर्चीचा खटका दाबला.

पाठ धाडकन मागे गेली, पाय वर आले, मान बेसिनच्या खाचेत अलगद बसली आणि फोन हवेतच ताईच्या हातात आला. तो तिने टॉवेलांच्या कप्प्यात टाकला आणि नळ सोडला.

"अगं, काय करतेस हे! फोन दे! मी जिवंत असल्याचं कळवायचंय त्यांना!"

"उद्या आपण दोघी त्यांच्या ऑफिसात जाऊन कळवू."

"आज शेवटचा दिवस आहे! तुला कळत कसं नाही?"

"बाई, पाणी गार लागतंय?"

"लागतंय की! किती गार सोडलंयस!"

"मग आहात जिवंत," ताई म्हणाली आणि त्यांच्या डोक्याला शांपू चोळू लागली.

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात फेस नाकापर्यंत आला आणि त्यांनी मुकाट्याने डोळे मिटले.