रंगनाथ गुरुजींची मिशी आणि राणीसावरगावची मोहीम

धम्म सलामत, मंडळ सलामत. परभणी जिल्ह्याचे दक्षिण अंगास या बुद्धजयंतीस जें घडलें, तें पदरची मीठमिरची न घालितां लिहून ठेविलें.

प्राचीन काळीं महाधम्मरक्खित थेर, म्हणजे वडील भिक्खू, पाटलिपुत्राहून निघाले आणि या नव्या मुलखीं धम्म घेऊन आले. त्यांचा देखावा मिरवणुकीस ट्रॅक्टरावर उभा करावा, ऐसी मसलत राणीसावरगावचे जयंती मंडळाचे अध्यक्ष नागेशराव यांणीं केली. आणि पेच पडला कीं, थेर व्हावयास सारे राजी, मिशी द्यावयास कोणी राजी नाहीं. मग पालमचे शिक्षक रंगनाथ गुरुजी मर्दाना पुढें जाहले आणि डोकें व मिशी दोन्ही वस्तऱ्याखालीं देऊन टाकिलीं.

मग भिक्खूचें भगवें वस्त्र, चीवर, पिशवींत घालून स्वारी एसटीनें दरकूच निघाली. गाडींत ओळखीचे शेतकरी मुंजाजी पाटील बैसले होते. त्यांणीं गुळगुळीत मस्तक पाहिलें, ओंठ पाहिला, आणि बाप वारल्याखेरीज मिशी कोण उतरवितो ऐसें जाणून गळां मिठी घातली कीं, “गुर्जी, कवा गेले हो दादा? कळवलं बी न्हाई!” गुरुजींनीं अर्ज केला, “दादा जित्ते हायत, मी थेर झालोय!” तेव्हां दुःखानें भ्रम जाहला ऐसें ठरवून प्रवाशांनीं त्यांस खिडकीची जागा दिली.

मग मोबाइलावरून खबर सुटली ती स्वारीआधीं गांवीं पोहोंचली. मुंजाजी भला माणूस, त्यांस दोष नाहीं. परंतु श्राद्ध-पिंड करणार नाहीं म्हणणाऱ्या बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा माइकावर गर्जून म्हणविणारे नागेशराव, ज्यांचे हुकुमानें मिशी उतरली, तेच आधीं रडले आणि मिरवणूक तहकूब करून दहावा कधीं ऐसें पुसों लागले! ऐसी अक्कल पाहून आम्हांस संताप आला. गुरुजींची मिशी फुकट जाण्याची वेळ आली.

इकडे पालमास सांत्वनाचा फोन गुरुजींचे वडील खासा सिद्धोधन दादांनींच उचलिला. मग दादा जीप करून राणीसावरगावीं दाखल जाहले, ट्रॅक्टरावर चढले, तेथें चीवर नेसून खोळंबलेल्या लेंकाची हनुवटी धरून गरजले, “मी मरंपतूर दम निघंना का रं तुला?” आणि फर्मान दिलें कीं, “हाका ट्रॅक्टर!”

मोहीम फत्ते जाहली. थेर मागें उभे, दादा पुढें बैसले, आणि गल्लोगल्लीं लोकांनीं दादांस हात लावून जिवंत असल्याची खातरी केली. थेर कोण, कोठून आले, कशास आले, हें कोणी पुसलें नाहीं.