मारोतरावांनी मारलेला काटा

कळमनुरीच्या मोंढ्यात चाळीस वर्षे धान्य तोललेले मारोतराव मापाडी निवृत्तीनंतर दर सोमवारी त्याच काट्यावर स्वतः उभे राहत. आकडा आला की पोत्याचे वजन कापावे तसे आपल्या धोतर-सदऱ्याचे वजन कापायला लावत. "बारदाना वजा करा," हे त्यांचे पालुपद. कोणी कोणाची स्तुती केली तरी ते शांतपणे विचारीत, "बारदाना वजा जाता किती?"

या स्थूल गृहस्थाने पळणे बरे की सायकल, याचा निकाल लावला. चहाच्या टपरीवर सांगतात, आळसापोटी त्याने सायकलला जिंकवले. हे साफ खोटे आहे. एक महिना पळणे, एक महिना सायकल; दोन्ही महिने मी, त्यांचा शेजारी आणि निवृत्त शिक्षक, हजर होतो. वजनांची वही माझ्या हस्ताक्षरात आहे.

त्यांच्या पत्नी कावेरीबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना खाटेवरून उचलताना मारोतरावांना धाप लागे. एकदा दोघेही जमिनीवर आले. डॉक्टरांनी बजावले, "आधी तुमचं पोट उतरवा. अर्धा मिनिट जीव तोडून, दोन मिनिटं सावकाश, असं आलटून पालटून. पळा, नाहीतर सायकल चालवा."

"यातलं बराबर कोणतं?"

"करून बघा."

मापाडी माणूस, दोन्ही तोलल्यावाचून कसा राहील?

पहिला महिना पळण्याचा. नांदेडच्या रस्त्यावर काष्टा खोचून ते पळत आणि मी घड्याळ धरी. एका जीपवाल्याने विचारले, "काका, काहून पळून राहिले? कोण लागलं मागं?"

"मागं न्हाई रे, पुढं लागलंय. पोट!"

चार किलो उतरले.

दुसऱ्या महिन्यात बाईंजवळ बसणारी शेजारीण लेकीकडे गेली. मारोतरावांनी सायकल अंगणात, खाटेशेजारीच स्टँडवर लावली. मागचे चाक अधांतरी. जोर लागावा म्हणून ब्रेकचे रबर त्याला घासते ठेवलेले. मी मोठ्याने सेकंद मोजी. आठव्या दिवशी "तीन" म्हणताच मला ठसका लागला, आणि खाटेवरून आवाज आला,

"च्या... चार."

मारोतराव थांबले नाहीत. मानही वळवली नाही. पायडल थांबले तर मोजणे थांबेल, हे त्यांना माझ्याआधी कळले होते. महिनाअखेरीस बाई तीसपर्यंत मोजत आणि वर दम भरत, "हळू काहून मारता?"

शेवटच्या सोमवारी मी काट्याजवळ वही वाचली. "पळण्याने चार किलो, सायकलने दोन. निकाल पळण्याचा."

"सायकल लिहा, गुरुजी."

"आकडा दोन आहे, मारोतराव. बारदाना वजा करूनच."

"सायकल लिहा."

"उभ्या जन्मात तुम्ही काटा मारला नाही."

ते खाली उतरले आणि चपला घालू लागले. "वाट बघून राहिली असंल ती. आज तीसच्या पुढं जायचं म्हणती."

मी कोणाच्या सांगण्यावरून कधी आकडा बदललेला नाही; तेव्हाही बदलला नाही. चार तिथे चार आहे, दोन तिथे दोन. फक्त त्याखाली 'निकाल : सायकल' असे लिहून मी सही केली. टपरीवाल्यांना शंका असेल, तर त्यांनी मारोतरावांकडे जाऊ नये. माझ्याकडे यावे.