अण्णांचं फक्कीचं वर्कशॉप

आमच्या शेजारच्या जगन्नाथअण्णांच्या वर्कशॉपला भिंती नाहीत, छप्पर नाही, पण दार आहे आणि आत यायचं तर दारातूनच यावं लागतं. परसात पांढऱ्या फक्कीने रेघा मारलेल्या आहेत, पाया खणण्याआधी गवंडी मारतो तशा. एका बाजूला रेघ दोन हात तुटलेली आहे, ते दार. एकदा मी दळणाचा डबा घेऊन सरळ चालत गेले तर जीपखालून अण्णांचा आवाज आला, "आवं वैनी, भिंतीतनं काय येताय? दार हाय की तिकडं!" डोक्यावर डबा, वर ऊन, पायात चप्पल नाही, आणि मी मुकाट्याने मागे फिरून दारातून आत गेले. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मला फार पूर्वीच कळलेलं आहे.

सातारच्या बाहेर कोरेगाव रस्त्याला आमची पिठाची गिरणी आहे. गिरणी आणि अण्णांचं घर यांच्यामध्ये फक्त एक शेवग्याचं झाड. अण्णा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. पेन्शन घेऊन आलेल्या बाकीच्यांनी कुणी ऊस लावला, कुणी ट्रॅक्टर घेतला. अण्णांनी लिलावात एक जीप घेतली. जीप हा शब्द त्यांचा. ट्रकमधून उतरवली तेव्हा मला ती गंजलेली लोखंडी खाट वाटली होती. त्यांची बायको सुलभा, माझी जिवाभावाची मैत्रीण, दारात उभी राहून म्हणाली, "फौजेत ह्यास्नी कुणी सांगितलं न्हाई का, भंगार इकायचं असतंय, घ्यायचं नसतंय?"

गाडीचं काम कुठवर आलं, असं कुणीही विचारलं की अण्णांचं उत्तर ठरलेलं. "झालंच म्हणून समजा. येक बोल्ट राह्यलाय." त्या एका बोल्टात त्यांची मुलगी शाळेतून कॉलेजात गेली.

मुलगी म्हणजे अश्विनी. एकुलती एक, काटकुळी, आणि बापासारखीच हट्टी. लहानपणापासून बॅटरी धरायला, पाने हातात द्यायला तीच. अण्णांचा पंजा जाडजूड, मुठीत उसाचं कांडं मोडेल असा. इंजिनच्या कपारीत तो जायचा नाही. मग हाक यायची, "आशे, माझा हात जात न्हाई गं!" आशी हातातली चपाती खाली ठेवून धावायची आणि कोपरापर्यंत काळी होऊन यायची. सुलभा कपाळावर हात मारून घ्यायची. अशा पोरीला कोण करून घेणार, ही तिची काळजी.

पण सांगलीचं एक बरं घर मिळालं. पाठवणी जीपमधूनच करायची, असं अण्णांनी जाहीर करून टाकलं. लग्नाच्या दिवशी गिअरबॉक्स सुटा होऊन घमेल्यात पडला होता, घमेलं मांडवाच्या खांबापाशी होतं, आणि कुणा म्हाताऱ्या पाहुण्याने त्याच्यावरही अक्षता टाकल्या. आशी भाड्याच्या गाडीतून सांगलीला गेली. अण्णा हात पुसायचं फडकं घेऊन रस्त्यावर उभे होते आणि स्वच्छ हात पुन्हा पुन्हा पुसत होते.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी सुलभा गेली. तापाचं निमित्त झालं. मी तिच्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, कारण लिहायला बसले तर अण्णा बाजूलाच राहतील.

बाईचं माहेर आईपाशी असतं. हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझी आई गेल्यावर भावाने कधी "ये" म्हटलं नाही असं नाही, पण त्या "ये"मध्ये आणि आईच्या "कवा येतीस?"मध्ये फार अंतर होतं. हळूहळू माझं जाणं थांबलं. कुणी थांबवलं नाही, थांबलं. आशीचंही तेच होणार, असं मी धरून चालले होते.

आमच्याकडे नागपंचमीला सासरच्या पोरीला मूळ जातं, म्हणजे माहेरचं माणूस तिला न्यायला जातं. बहुतेक भाऊच जातो. आशीला भाऊ नाही. सुलभा होती तेव्हा महिनाभर आधीपासून फोनवर असायची. त्या वर्षी फोन गेला नाही. अण्णा मोबाईल हातात घेऊन परसात येरझाऱ्या घालत होते. नंबर काढायचे, परत खिशात ठेवायचे. शेवटी गिरणीच्या आवाजातही ऐकू येईल असे ओरडले, "आशे, स्टार्टरच्या मागचा बोल्ट बसंना झालाय. माझा हात जात न्हाई. बघ, जमलं तर." एवढं बोलून फोन बंद. पंचमीचा शब्द नाही, पोरा-बाळांची चौकशी नाही.

आशी दुसऱ्या दिवशी कडेवर पोरगं घेऊन हजर. पोरगं माझ्याकडे दिलं आणि ती गाडीखाली शिरली. संध्याकाळी दोघं बापलेक पायरीवर बसून पुरणपोळ्या खात होते. पोळ्या माझ्या.

मग हे दर सणाला सुरू झालं. गौरीला क्लच, दिवाळीला वायरिंग, संक्रांतीला कुठलीशी स्प्रिंग. अण्णांचा हात कुठेच जायचा नाही. आशीची सासू एकदा लग्नात भेटली तेव्हा मला म्हणाली, "लोकांच्या सुना म्हायेरास्नं बांगड्या भरून येत्यात, आमची नखात ऑइल भरून येती." बोलणं तिरकं होतं, पण बाई मनाची वाईट नव्हती. पाठवायची.

घोटाळा असा झाला, की एवढ्या दुरुस्त्यांनी गाडी खरंच होत आली. रंग लागला, सीट बसली. कुठे हात घालावा असं काही उरेना. आणि जसजशी गाडी होऊ लागली तसतसे अण्णा उतरत गेले. दाढी करेनात. माझ्याकडून नेलेली भाजी तशीच परत यायची. एके सकाळी बघते तर अण्णा फक्कीची पिशवी घेऊन परसात ओणवे. म्हणाले, "वर्कशॉप काढायचंय."

"गाडी झाली, आता वर्कशॉप कशाला?"

"येक गाडी झाली म्हंजे काम संपलं व्हय?"

पहिल्या आठवड्यात रेघा ठीक होत्या. इथे टेबल, इथे पाने टांगायची फळी, इथे गाडीखाली उतरायचा खड्डा. कोंबड्या भिंती विस्कटायच्या, अण्णा परत घालायचे, आणि दर वेळी नकाशा थोडा बदलायचा. खड्डा बुजला आणि तिथे मोरी आली. टेबलाच्या जागी दोन खणांची खोली आली. "ही कशाला?" तर म्हणे सामानाला. मग खोलीला खिडकी आली, खिडकीशी आरसा आला. मग ओटा. वर्कशॉपात ओटा! "च्याला लागतंय की, वैनी." वर, नसलेल्या आढ्याला, एक कडीही मनात धरलेली होती. मी म्हटलं, ही तर झोळी बांधायची कडी. तर म्हणाले, "इंजिन उचलाया लागती." आशी तेव्हा दुसऱ्यांदा गरोदर होती.

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्या न बांधलेल्या ओट्यापाशी उभी राहिले आणि म्हटलं, "अण्णा, पोरीला नुसतं ये म्हणा की. तिला बोलवायला बोल्ट कशाला पायजे?"

अण्णांनी फक्कीचे हात झटकले. "नुसतं कसं म्हणायचं? तिच्या घरची काय म्हणतील? आईचं येगळं असतंय वैनी, आईला कारण लागत न्हाई. बापानं काय सांगून बोलवायचं?"

मी घरी आले आणि उगाच गिरणी झाडत बसले.

यंदा पंचमी तोंडावर आली आणि सांगलीहून बातमी आली. सासू न्हाणीत घसरली, खुबा मोडला, मिरजेला ऑपरेशन झालं, आता घरी आणून निजवलंय. आशी फोनवर म्हणाली, "अण्णा, या येळंला जमायचं न्हाई." ते नुसते "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात इस्त्रीचा सदरा घालून उभे. "वैनी, चला. बाईमाणूस संगं असलं की मूळ म्हणत्यात."

जीप पहिल्यांदाच इतक्या लांब निघाली होती. नवरा गिरणीवर बसला, मी नारळ-खण पिशवीत घेतले आणि देवाचं नाव घेत चढले. कराड गेलं, आष्टा गेलं. अण्णांनी दोनदा घसा खाकरला. बोलायची तयारी चालली असावी.

सांगलीच्या घरी बाहेरच्या खोलीतच सासूबाईंची खाट होती. जावई कामावर गेलेले. आशी आतून पोट सावरत आली, बापाला बघून दारातच थांबली. सासूबाई उशीवरून म्हणाल्या, "या अण्णा. काय, गाडी बिघडली व्हय?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "गाडी झाली. दारात हुबी हाय. कायसुदिक बिघडलं न्हाई." मग चपला काढून ते उंबऱ्याच्या आत आले. "पोरीची आठवण येती. चार दिस न्याया आलोय."

एवढ्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. आशीने तोंडाला पदर लावला. सासूबाईंचेही डोळे भरले. "मला कूस बदलता येत न्हाई वो अण्णा," त्या म्हणाल्या. "मी कशी धाडू?"

यात कुणाचं काय चुकलं? कुणाचंच नाही. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं. अण्णा म्हणाले, "व्हय, बरोबर हाय," आणि चहाची बशी दोन्ही हातांनी धरून बसले.

मी आत आशीजवळ गेले. ती चपात्या लाटत होती आणि रडत होती. म्हणाली, "काकी, त्यो स्टार्टरचा बोल्ट वरनं निघतोय. लांब पाना लावला की झालं, आत हात घालायलाच नको. मला पयल्याच वर्षी दिसलं हुतं."

"मग?"

"मग काय? मी खालनंच काढायची."

निघताना ती फाटकापर्यंत आली. जीपभोवती एक फेरी मारली, रंगावरून हात फिरवला, बॉनेट उघडायला लावलं. म्हणाली, "चालू करा." अण्णांनी चालू केली. ती मान तिरकी करून ऐकत उभी राहिली, चेहरा एकदम गंभीर.

"अण्णा, इंजिनातलं टॅपेट वाजतंय."

"न्हाई गं, परवाच तर मी..."

"वाजतंय म्हणती न्हवं! तुमाला जमायचं न्हाई ते. मी दिवाळीला येती. तवर कुणाला हात लावू देऊ नका."

अण्णांनी गाडी बंद केली आणि बॉनेट जपून मिटलं. म्हणाले, "बरं."

परतीच्या वाटेवर ते गाडी फार हळू चालवत होते. मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न देऊन पुढे जात होते. त्या वयाचा मोडलेला खुबा दिवाळीपर्यंत कितपत सांधतो, हे मला माहीत आहे. दिवाळीनंतर आशीचं बाळंतपण, मग थोरल्याची शाळा. अण्णांनाही हे कळत असणार. मशीनच्या आवाजात माझा जन्म गेलाय, बिघडलेलं चाक मला लांबून ओळखू येतं. जीप निर्मळ चालत होती. कसलाही आवाज नव्हता.

कराडच्या अलीकडे अण्णांनी मान तिरकी केली. "वैनी," ते म्हणाले, "ऐकू येतंय का?"

"येतंय की," मी म्हटलं. "लय वाजतंय."

अण्णांनी मान हलवली आणि गाडी आणखी हळू घेतली.