पितांबरची बिनखताची तंबाखू

पहिला आरोप तुमच्यावर आहे, साहेब. तुमचं नाव आम्हाला ठाऊक नाही, तुमची खुर्ची कुठल्या मजल्यावर आहे तेही ठाऊक नाही. पण सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापायचा हुकूम काढणारे तुम्ही, आणि बिडीच्या बंडलापाशी येताच ज्यांची शाई वाळली तेही तुम्हीच. त्या काळी बिडीवर काही नाही, सुट्या तंबाखूवर काही नाही, चिलमीवर तर छापायला जागाच नाही. म्हणजे पाकीटवाल्यानं वाचून मरावं आणि बाकीच्यांनी न वाचता, असंच ना? तुमच्या या कंजूषपणापायी धुळ्याच्या देवपुरातल्या पितांबर पाटलाच्या हक्काचा नातू भर समारंभात दुसऱ्याच्या मांडीवर गेला. कसा गेला ते ऐका, आणि ऐकताना खिडकीबाहेर बघू नका.

पितांबर प्रकाशचंद शेठच्या खत-औषधांच्या दुकानात विक्रीला होता. मावा, तुडतुडे, बोंडअळी, कशावर काय मारायचं हे त्याला तोंडपाठ. शेतकऱ्याला वाचता येवो न येवो, डब्यावरचा रंगीत चौकोन समजावून द्यायचं काम त्याचं. "लाल म्हणजे जहर. पिवळा त्याचा धाकटा भाऊ. निळा त्याहून गरीब. हिरवा म्हणजे सासरी आलेला जावई, फार काही करत नाही, पण जपून राहा." दिवसभर हेच बोलून त्याला खोड जडली होती. कुठलीही वस्तू हातात आली की तो आधी ती फिरवून चौकोन शोधायचा. एकदा पाहुण्यांकडे त्यानं चिवड्याचा फोडलेला पुडा असाच फिरवला आणि सगळा चिवडा धोतरात घेऊन घरी आला.

बिडीच्या बंडलावर चौकोन नव्हता. म्हणून बिडी विष नव्हती. पितांबरचं डोकं असं सरळ रेषेत चालायचं आणि वाटेत भिंत आली तरी थांबायचं नाही.

भिंत आली ती मुलीच्या रूपानं. प्रमिला जळगावला शाळेत विज्ञान शिकवायची. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, मुलगा झाला, आणि दवाखान्यातून घरात पाऊल टाकताच तिनं कायदा केला.

"आप्पा, बिडी ओढणाऱ्यानं बाळाला हात लावायचा नाही."

"अगं, मी आजा आहे त्याचा!"

"आजाला वेगळा धूर येतो का?"

भागाबाईंनी, म्हणजे पितांबरच्या बायकोनं, तोंडाला पदर लावला. तीस वर्षं जे त्यांना बोलायचं होतं, ते पोरीनं एका दमात बोलून टाकलं होतं.

पितांबर दुरूनच नातवाशी बोलायचा. पाळण्याच्या दोरीलाही हात लावायची सोय नव्हती. पण त्याला धीर एका गोष्टीचा होता. पाचव्या महिन्यात बाळाचं जाऊळ काढायचं होतं, आणि जाऊळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसतं. मामा म्हणजे पितांबरचा मुलगा, तो फौजेत, सीमेवर. त्याला रजा मिळेना. मग मांडी कुणाची? आजोबाची. यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

"बोलण्यासारखं आहे," प्रमिला म्हणाली. "बिडी सुटली तर तुमची मांडी. नाहीतर वनाची."

वना हा पितांबरच्या चुलतभावाचा मुलगा, नात्यानं बाळाचा चुलत मामाच. सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा आणि न खाण्याबद्दल तासभर बोलणारा. पितांबरला तो सहन व्हायचा नाही. रस्त्यात भेटला की वना आधी नाक आक्रसायचा आणि मग "रामराम काका" म्हणायचा.

"त्या बोडक्याच्या मांडीवर माझा नातू?" पितांबर कडाडला.

"मग सोडा."

सोडणं हा शब्द पितांबरला ऐकू आला, पण आत उतरला नाही. त्यानं त्यातून वाट काढली. रात्रंदिवस औषधांत वावरलेला माणूस तो. त्यानं विचार केला, वाईट काय आहे? तंबाखू? छे! तंबाखू म्हणजे झाडाचं पान. मेथीही पान, तंबाखूही पान. वाईट आहे ते त्यावर मारलेलं औषध, मुळाशी घातलेलं रासायनिक खत, कारखान्यात मिसळलेला गूळ, वास, मसाला. ते काढलं की उरलं काय? निसर्ग. आणि निसर्गाला पोरगी नाही कसं म्हणेल? विज्ञान शिकवते ना?

धरणगावच्या पलीकडे एका खेड्यात पितांबरचा मावसभाऊ लोटन राहायचा. विहिरीच्या कडेला तो आपल्या चिलमीपुरती तंबाखू लावायचा. रविवारी पितांबर एसटीनं तिथे पोचला.

"लोटन, खरं सांग. खत काय घालतोस?"

"खत? बकरीसन्या लेंड्या. दुसरं काय?"

"फवारा?"

"कसाले? हाई पानले कीड लागस का? गधडं बी तोंड लावत नही."

गाढवसुद्धा तोंड लावत नाही, या वाक्यात एखाद्या शहाण्या माणसाला इशारा दिसला असता. पितांबरला प्रमाणपत्र दिसलं.

"गूळ, अत्तर, काही मिसळतोस?"

"तंबाखूमा अत्तर? मन्हं काय लगीन शे का? बठ्ठं शुद्ध शे, भाऊ. मन्हा बाप हाईच पेत व्हता."

"किती वर्षं जगला रे मावसा?"

लोटन जरा घुटमळला. "जगना तवलोंग घोडासारखा जगना."

पितांबर पिशवीभर पानं घेऊन घरी आला आणि ओट्यावर त्यानं प्रयोगशाळा मांडली. एका बशीत फिल्टरची सिगारेट फोडून, दुसरीत बिडी उकलून, तिसरीत लोटनची पानं चुरून. वास घेतला. सिगारेटला लग्नातल्या पाहुण्यासारखा वास, बिडीला एसटी स्टँडचा, लोटनच्या तंबाखूला नुसत्या मातीचा. मग तिन्ही तीन पेल्यांत भिजवल्या. सिगारेटचं पाणी लगेच पिवळं झालं. "रंग!" पितांबर ओरडला. बिडीचं तांबूस झालं. "मसाला!" लोटनच्या तंबाखूचं पाणी काळं कुळकुळीत झालं. त्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "कस!"

"त्या पेल्यांत आता चहा कोण पिणार?" भागाबाईंनी विचारलं.

"तुला शास्त्रातलं काही कळत नाही."

"शास्त्रातलं नाही कळत. पेले माझे आहेत, एवढं कळतं."

प्रमिलानं बाळाला खांद्यावर घेऊन लांबूनच हे पाहिलं. "आप्पा, धूर तो धूरच ना?"

"चुलीच्या धुरात तू वाढलीस. काय झालं तुला?" पितांबरनं बिनतोड विचारलं. "औषधाचा धूर वेगळा, निसर्गाचा वेगळा."

दुसऱ्या दिवशी लोटनच्या तंबाखूची जाडजूड बिडी वळून तो दुकानात गेला. शेठचा कायदा होता, दुकानात बिडी नाही. म्हणून तो मागच्या गोदामाच्या दारात उभा राहिला आणि निसर्गाचा पहिला झुरका घेतला. छान वाटलं. दुसरा घेतला. तिसऱ्याला समोरच्या पोत्यांची रांग हळूच डावीकडे सरकली. पितांबरनं पोत्यांना दम दिला. पोती ऐकेनात. कपाळावर घाम फुटला, तोंडाला पाणी सुटलं, पोट ढवळलं, आणि पितांबर युरियाच्या थप्पीवर लवंडला.

"अरे, पितांबरभाऊ गेले!" प्रकाशचंद शेठ धावले. गोदामात औषधांच्या बाटल्या, त्यात माणूस घामाघूम, उलटी. शेठनं दुसरा काय अर्थ काढायचा? त्यांनी दुकानाचं शटर ओढलं, शेजारच्यांनी आपापली ओढली, कुणी म्हणालं गॅस फुटला, कुणी म्हणालं बंद पुकारलाय. पाऊण बाजार बंद झाला आणि पितांबर रिक्षात आडवा पडून पांझरेच्या पुलावरून दवाखान्यात पोचला.

तरुण डॉक्टर घाईत होता. "कुठलं औषध अंगावर सांडलं? चौकोन कुठल्या रंगाचा होता?"

"चौकोनच नव्हता," पितांबर कण्हला.

"बिनचौकोनाचं औषध?" डॉक्टरनं शेठकडे पाहिलं. "बनावट माल ठेवता का?"

बिचारे शेठ! उभ्या जन्मात त्यांनी मापात मारलं नव्हतं. ते हात जोडून शपथा घेत राहिले आणि पितांबर डोळे मिटून पडला. खरं सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. पण तोंड उघडलं तर शुद्ध तंबाखूची अब्रू जाणार आणि तिच्या मागोमाग मांडी. त्यानं तोंड मिटलेलंच ठेवलं. आपण इतके नीच असू शकतो, हे त्याचं त्यालाच नवीन होतं. पण थोड्या वेळानं सवय झाली.

घरी आल्यावर तर त्यानं कमालच केली. खाटेवर पडून क्षीण आवाजात म्हणाला, "बघितलंस प्रमिला? रसायनं! जन्मभर सांगतोय, माणूस मरतो तो रसायनांनी."

प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप आडवा पाहिल्यावर विज्ञान ढिलं पडतं. ती रात्रभर विचार करत असावी. सकाळी तिनं स्वतःच चहा आणला.

"आप्पा, ती बाजारातली बिडी बंद करा. एकदम सुटत नसेल तर लोटनकाकाची एखादी ओढा, तीही अंगणाबाहेर. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून बसलात तर... घ्या जावळाला मांडीवर."

पितांबर भिंतीकडे तोंड करून हसला. भागाबाईंनी ते हसू पाहिलं आणि त्याचा कालचा सदरा धुवायला उचलला. बायका कधीकधी बोलणं पुढच्यासाठी राखून ठेवतात.

जावळाच्या दिवशी अंगणात चौरंग मांडला. प्रमिलाचे सासरे कौतिकआबा भडगावहून आले, मागे बाळाची आत्या केस झेलायला कणकेचा गोळा घेऊन तयार. न्हावी वस्तरा परजत होता. पितांबरनं दोनदा आंघोळ केली होती. नवं धोतर, डोक्यावर कडक टोपी. तो चौरंगावर बसला आणि त्यानं मांडी घातली, अशी घातली की त्यावर दोन नातू मावले असते. वना कोपऱ्यात नाक आक्रसून उभा होता. पितांबरनं त्याच्याकडे बघून टोपी उगाच सारखी केली.

बाळाला झबलं घालायला थोडा उशीर झाला. तेवढ्यात कौतिकआबा शेजारी टेकले.

"पितांबरभाऊ, तुम्ही ते बठ्ठं जाणतस. मिरचीवर मावा पडी गया. पानं बठ्ठी गोळा व्हई गयात. बाटली लई महाग शे. काही घरगुती शे का?"

दुकानातल्या माणसाला गिऱ्हाइकानं प्रश्न विचारला की उत्तर डोक्यातून जात नाही, थेट तोंडातून येतं. त्यात व्याही विचारतात, चारचौघांत. पितांबरची छाती फुगली.

"बाटली कशाला, आबा? तंबाखू! रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, गाळा, थोडा साबण टाका आणि मारा. मावा असा टपाटपा गळतो, जाळं लावून गोळा करा!"

"पण तंबाखू कोनती? दुकाननी चालनार का?"

"छे छे! दुकानातल्या तंबाखूत निम्मा मसाला. शुद्ध पाहिजे, बिनखताची. जितकी शुद्ध, तितकी जालीम! पण आबा, तोंडाला फडकं बांधा बरं. वारा आला नि तुषार अंगावर उडाला, तर आधी घाम, मग तोंडाला पाणी, मग पोट ढवळतं, चक्कर, उलटी... माणूस जागेवर आडवा!"

अंगण गप्प झालं. पितांबरला वाटलं, आपल्या ज्ञानानं झालं. त्यानं वर पाहिलं. समोर प्रमिला बाळाला घेऊन उभी होती.

"आप्पा," ती अगदी हळू म्हणाली, "दुकानात तुम्हाला आधी काय झालं होतं? घाम की चक्कर?"

पितांबरनं टोपी पुन्हा सारखी केली. न्हाव्यानं वस्तरा खाली घेतला.

"सांगा ना. तुम्हीच शिकवता सगळ्यांना."

"घाम," भागाबाई मागून म्हणाल्या. "आणि सदऱ्याच्या खिशात अर्धी बिडी. जळलेली. मी धुताना काढली."

"तू तेव्हाच का नाही बोललीस?" पितांबर कळवळला.

"मला शास्त्रातलं काही कळत नाही."

कौतिकआबा हसून हसून चौरंगाला धरून बसले. पितांबर उठला. बसलेली मांडी मोडताना गुडघे केवढ्यानं वाजतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. वना आला, बसला, आणि बाळ त्याच्या मांडीवर गेलं. वस्तरा लागताच ते जे रडायला लागलं, ते न्हाव्याकडे न बघता दाराशी उभ्या आजोबाकडे बघून रडलं. निदान पितांबरला तसं वाटलं. त्याला अलीकडे बरंच काही वाटायचं.

जेवणं झाल्यावर प्रमिला त्याच्याजवळ आली. "कान टोचायचे राहिलेत. तेव्हाही मांडी लागते. संक्रांतीनंतर."

"मग?"

"मग बघू. शेठजींकडे जाऊन आधी खरं सांगून या."

पितांबर उठला, फडताळातली लोटनची सगळी तंबाखू त्यानं पिशवीत कोंबली आणि ती कौतिकआबांच्या हातात दिली. "घ्या. मिरचीला."

आबांनी पिशवीत नाक घातलं. त्यांचे डोळे चमकले. "वास ते झकास शे हो! मिरचीले इतली कसाले? निम्मी चिलीममा..."

"आबा! आत्ताच ऐकलंत ना सगळं?"

"ते मावानं व्हतं," आबा म्हणाले. "मी काय मावा शे?"

कालपर्यंत पितांबर स्वतः हेच बोलला असता, याहून जोरात. त्याच्या त्या बशीत फिल्टरची सिगारेट होती, साहेब, आणि तिच्या पाकिटावर तुमचा इशारा होता, ठळक अक्षरांत. पाकीट त्यानं स्वतः विकत घेतलं, उलटसुलट फिरवलं, इशारा वाचला, आणि एक सिगारेट फोडून उरलेल्या सगळ्या ओढल्या होत्या. तेव्हा तुमची चूक ती तुमचीच, ती आम्ही सोडणार नाही. पण दुसरा प्रश्नही टेबलावर ठेवतो, आणि तो तुम्हाला आणि पितांबरला दोघांना आहे. बिडीवर छापलं असतं, चिलमीवर कोरलं असतं, लोटनच्या पानापानावर लिहून ठेवलं असतं, तर यानं ऐकलं असतं का? हो की नाही? फिरवून सांगू नका. एका शब्दात उत्तर द्या.