दिवंगत सासऱ्यांचं तारयंत्र

सासरे सकाळी साडेदहाला वारले. म्हणजे जावयाने फोनवर खरेदीदाराला तसं सांगितलं, तेव्हा साडेदहा वाजले होते. सासरे त्या वेळी गॅलरीत बसून नखं कापत होते.

जावई जुनी तारयंत्रं गोळा करी आणि पितळ उजळून विकी. हे यंत्र मात्र त्याने सासऱ्यांच्या ट्रंकेतून न विचारता काढलं होतं. याच यंत्राच्या कळीवर बोट दाबत सासऱ्यांनी तीस वर्षं कट्ट-कडकट्ट करून लोकांच्या तारा धाडल्या होत्या. खरेदीदार म्हणाला, "पितळ झकास आहे हो, पण मागे काही कहाणी?" या धंद्यात यंत्र विकलं जात नाही, कहाणी विकली जाते. जावई बोलून गेला, "सासऱ्यांचं होतं. कळीवर बोट असतानाच गेले."

पलीकडे हुंदका. "घरच्यांना भेटायला मी स्वतः येतो!"

जावयाचं धाबं दणाणलं. गॅलरीत जाऊन तो म्हणाला, "बाबा, जरा बागेत फिरून येता?"

"गुडघा सुजलाय. काल तुम्हीच म्हणालात ना, हलू नका?"

जावई यंत्रावर शेवटचा फडका मारत होता, तेवढ्यात बेल वाजली आणि सुजल्या गुडघ्यानिशी सासऱ्यांनीच दार उघडलं.

"तारमास्तर गेल्याचं कळलं," फुलांचा गुच्छ सावरत खरेदीदार म्हणाला. "आपण कोण त्यांचे?"

सासऱ्यांनी टेबलावरचं यंत्र पाहिलं. मग जावयाकडे पाहिलं. "धाकटा भाऊ."

"कशानं गेले हो?"

"अचानकच. मलासुद्धा आत्ताच कळतंय."

जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"एकदा वाजवून दाखवाल?"

सासरे बसले. कट्ट-कडकट्ट. खरेदीदाराने डोळे पुसले. बारा वर्षं तारयंत्रं विकूनही जावयाला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. बायको मात्र बापाच्या टकटकीवरच वाढलेली. ती स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर हात दाबून उभी होती.

"काय म्हणाले गं बाबा?" त्याने कुजबुजत विचारलं.

"'मी खुशाल. यंत्र विकू नये. जावई न्यावा.'"

जावयाची मान जी खाली गेली ती वर येईना. "हे... विकायचं नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

"समजू शकतो," खरेदीदार म्हणाला. "केवढी माया सासऱ्यांवर!"

"फार," सासरे म्हणाले. "गेल्यापासून जास्तच."

गुच्छ जावयाच्या हातात ठेवून, त्याच्या पाठीवरून हात फिरवून खरेदीदार गेला. दार लागलं. जावई तसाच उभा.

"जावईबापू," खुर्चीतून आवाज आला, "ती फुलं इकडे आणा. माझी आहेत."